भाईंच्या आईचं सुतक

मागच्या आठवड्यात दोघं जण घरी आले. एक तरुण, एक बाई, दोघांच्या गळ्यात एकाच रंगाचे पट्टे. भाईंचा सत्कार ठरलाय म्हणाले. इतकी वर्षं सलग आमदार राहिलेला दुसरा माणूस आपल्याकडे नाही, तेव्हा सगळ्या खानदेशी समाजातर्फे मोठा कार्यक्रम, आणि ज्या घरानं भाईंना पहिल्यांदा कानबाईचा रोट खाऊ घातला त्या घरातलं कुणीतरी स्टेजवर हवं. आबा गेले, माय गेली, आता मावशी तुम्हीच. मी चहा ठेवला. घरी आलेल्या माणसाला बिनचहाचं पाठवायची आमच्याकडे रीत नाही, मग तो कुणाचा का माणूस असेना. तो तरुण सुरतेतच जन्मलेला, अर्धं गुजराती, अर्धं हिंदी बोलत होता. मी विचारलं, रोट म्हणजे काय रे बाबा, माहीत आहे का? तर म्हणाला, प्रसाद ना मावशी, शिऱ्यासारखा? मी म्हटलं, हो, शिऱ्यासारखाच. आणि मनात म्हटलं, घ्या, हे करणार सत्कार.

भाईंचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या गल्लीत त्यांना सगळे भाईच म्हणत, आणि त्यांचं नाव छापून यायला माझी काही गरज नाही. सुरतेत पर्वत पाटियाच्या चौकात मान वर केली की तोच चेहरा, वाढदिवस असो नाहीतर दिवाळी. हात जोडलेले, केस काळेभोर. त्या वयाला इतके काळे केस फक्त आमदाराचेच असतात.

रोट म्हणजे काय ते मात्र सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नाक, नथ, लुगडं, आणि चौरंगावर थाटामाटात मांडायची. त्या आधी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेऊन धुवायचे, वाळवायचे, दळायचे. त्या पिठाच्या पुरणपोळ्या, खीर, सोबत गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. तो रोट. तो दुसऱ्या दिवशी, सोमवारी, फक्त भाऊबंदांनी खायचा. शेजाऱ्याला नाही, जावयाला नाही, आमच्या घराण्यात तर लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. ती आली तर तिला वेगळ्या पिठाची पोळी. आणि रोटाचं उष्टं टाकता येत नाही, गायीला घालता येत नाही. ताटात उरलं तर घरातल्याच कुणीतरी खायचं, हात धुतलेलं पाणीसुद्धा खड्डा करून त्यात सोडायचं. आमची माय या बाबतीत इतकी कडक होती की रोटाच्या दिवशी आम्हा बहिणींना पहिला घास घेण्याआधीच विचारायची, संपणार आहे ना? मगच वाढू.

आमचं घर तेव्हा संचांच्या खात्यांना अगदी खेटून होतं. संचा म्हणजे लूम, खातं म्हणजे त्यांचा कारखाना. दिवसभर त्यांची खटखट चालू, त्यामुळे आमच्या घरात कुणी हळू बोलायला शिकलंच नाही. अजूनही माझ्या सुना म्हणतात, आई भांडताय का? मी म्हणते, भांडत नाही, मीठ मागतेय. आबा कडोदऱ्याला एका खात्यात मास्तर होते, म्हणजे संचे बिघडले की ते. पण गावात त्यांची ओळख मास्तर म्हणून नव्हती, मिशांमुळे होती. झुपकेदार, टोकं वर वळलेल्या. गुजराती शेठसुद्धा त्यांना 'मूछवाळा' म्हणत. माय चुलीवर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी थापायची, बाजूला ठेचा, कांदा, आणि महिन्यातून एकदा आबा येताना शेव आणायचे, मग शेवभाजी. दारासमोर उघडी गटर होती. रंगाच्या कारखान्यांचं पाणी त्यात यायचं. सकाळी निळं, दुपारी जांभळं. आम्ही पोरी दारात बसून आज कोणता रंग येणार यावर पैज लावायचो. ही गटर झाकायचं वचन देऊन भाई पहिल्यांदा निवडून आले. झाकली नाही, म्हणून दुसऱ्यांदा तेच वचन देता आलं.

ते मूळचे सुरतचेच, गुजराती. आमच्या मतांची मोजदाद त्यांनी आमच्याही आधी केली होती. कुणाकडून तरी अहिराणीचं एक वाक्य त्यांनी पाठ केलं होतं, 'मी तुमनाच शे.' म्हणजे मी तुमचाच आहे. दारोदार जाऊन हात जोडायचे आणि हे म्हणायचे. आमची माणसं विरघळायची. परक्या गावात आपली बोली कुणी बोललं की खानदेशी माणूस घरातलं सगळं काढून देतो, हा आमचा जुना रोग आहे. पहिल्या निवडणुकीच्या वेळी ते नेमके रोटाच्या सोमवारी आमच्या गल्लीत आले. पंगत बसलेली. आबा दारात होते. भाई म्हणाले 'मी तुमनाच शे', आणि आबांनी त्यांचा हात धरून थेट पाटावर बसवलं.

जिभाऊंनी अडवलं होतं. जिभाऊ म्हणजे आबांचे चुलतभाऊ, भाऊबंदकीत सगळ्यांत वडील, त्यांच्या शब्दाशिवाय आमच्याकडे बारसंही होत नसे. ते म्हणाले, रोट बाहेरच्याला देत नाहीत, पाप लागेल. आबा म्हणाले, बाहेरचा कसला, ते स्वतः म्हणताहेत ना, आपलेच आहेत, आजपासून भाऊबंद. जिभाऊ रागानं पंगतीतून उठून गेले. पुढे भाईंनी जिभाऊंच्या थोरल्याला कुठल्याशा सरकारी ऑफिसात शिपाई म्हणून चिकटवलं. तेव्हापासून जिभाऊ आबांपेक्षा मोठ्यानं सांगू लागले की भाई आपले भाऊबंद. लग्न झालेल्या लेकीला जो रोट चालत नाही तो भाईंना चालला. मायनं मात्र त्या दिवशी भाईंच्या ताटात दुसरी पोळी वाढली नाही, हे मी पाहिलं.

मग ते दरवर्षी यायला लागले. कधी एका पक्षाचा गमछा, मधे एकदा दुसऱ्याच पक्षाचा, पण श्रावणातला तो सोमवार चुकायचा नाही. सोबत फोटोवाला. पाटावर बसायचे, पोळीचा एक घास मोडायचे, फोटो निघेपर्यंत तो तोंडाशी धरायचे, मग तोंडातली तंबाखू गालात सरकवून तो घास कसाबसा गिळायचे आणि ताट पुढे सारायचे. झालं. अख्खी पोळी, खीर, भाजी तशीच. आणि रोटाचं उष्टं टाकता येत नाही! ते ताट आबा स्वतःकडे ओढून घ्यायचे आणि भक्तिभावानं खायचे. एका वर्षी आबांचं पोट बिघडलं होतं तर ते ताट माझ्यापुढे आलं. खिरीला अत्तराचा आणि तंबाखूचा वास. मी नाक दाबून खाल्लं, आणि नंतर गटरीवर जाऊन सगळं ओकले. माय पाठीवर हात फिरवत उभी राहिली. ती एवढंच म्हणाली, आबांना सांगू नको. आज इतक्या वर्षांनीही कुणाच्या अंगावर ते अत्तर आलं की मला तोंडाला पदर लावावा लागतो. लोक म्हणतात राजकारणाची घृणा येते. मला राजकारणाची नाही, त्या खिरीची येते.

अशी वर्षं गेली आणि माझ्या मोठ्या बहिणीचं, सुमनताईचं लग्न ठरलं. मुलगा नंदुरबारचा, एस.टी.त नोकरीला. बघायला आला तेव्हा घाईत पोह्यांत मीठ दोनदा पडलं होतं. बाकीच्यांनी ताटल्या हळूच खाली ठेवल्या. त्यानं मात्र बिनबोभाट सगळे पोहे संपवले आणि पाण्याचे दोन तांबे प्यायला. ताई त्यावरच भाळली. ती मला म्हणाली, ज्यानं ते पोहे खाल्ले तो माझ्यावर आयुष्यात ओरडायचा नाही. माझी ताई दिसायला साधी, तिला आधी दोन ठिकाणांहून नकार आलेला. ती घरात गुणगुणत फिरायला लागली. संचांच्या आवाजात तिचं गाणं कुणाला ऐकू जाणार, पण ओठ हलताना दिसायचे. हळदीचा दिवस जवळ आला, दारात मांडव पडला, मायनं शेवया केल्या, पापड वाळले.

आणि भाईंची आई वारली.

म्हातारी नव्वदीची, वर्षभर अंथरुणाला खिळलेली. आम्ही कुणी तिला कधी पाहिलंही नव्हतं. पण बातमी आली तशी आबा मांडवाच्या खांबाला धरून खाली बसले. जिभाऊ धावत आले. दोघांनी मिळून निकाल दिला की आपल्याला सुतक आलं. रोट खाल्लाय त्यांनी, भाऊबंद झाले, भाऊबंदाची आई म्हणजे आपली आई. दहा दिवस हळद लागणार नाही. मायनं आधी ऐकून घेतलं. तिला वाटलं हे बोलून होईल. मग जिभाऊ मांडवाची पानं उतरवायला लागले तेव्हा ती मधे उभी राहिली. म्हणाली, लेकीचं लग्न आहे, वऱ्हाडाच्या गाडीचं ठरलंय, कुणाच्या कोण म्हातारीसाठी मोडता? जिभाऊ म्हणाले, बाईमाणसानं यात बोलू नये. ज्या जिभाऊंनी रोट देताना पाप लागेल म्हणून पंगत सोडली होती, तेच जिभाऊ! लेकाची शिपायाची टोपी बोलत होती ती. शेवटी माय आबांकडे वळली आणि एवढंच म्हणाली,

"त्याले तरी सुतक शे का, ते देखी या."

त्याला स्वतःला तरी सुतक आहे का, ते बघून या. आबांना ते पटलं. ठरलं असं की भाईंकडे बेसणं आहे, गुजराती लोकांत शोक करायला सगळे एकत्र बसतात ते, तिथे जाऊन आबांनी भाईंच्या कानावर लग्नाची गोष्ट घालायची. भाई मोठ्या मनाचे, ते स्वतःच म्हणतील की मास्तर, तुमच्या लेकीचं लग्न थांबवू नका, तुम्हाला सुतक लागत नाही. त्यांच्या एका शब्दावर ताईचं लग्न अडलं होतं. आबांना त्या शब्दाची इतकी खात्री होती की जाताना त्यांनी मांडववाल्याला सांगून ठेवलं, खांब काढू नको.

पण निघण्याआधी त्यांनी न्हावी बोलावला. तिथं भाऊबंदांच्या रांगेत बसायचं तर भाऊबंदासारखं दिसायला नको का? ओट्यावर बसून त्यांनी डोकं भादरलं आणि मिशा काढल्या. माय आत होती, बाहेर येईपर्यंत उरकलं होतं. वरच्या ओठावरची ती कातडी कधी ऊन न लागलेली, पांढरीफटक. मला आबांकडे बघवेना. ताई दारात आली, तिनं बघितलं आणि ती आत गेली. मला वाटतं तिला तेव्हाच कळलं होतं.

आबांनी मला सोबत नेलं, कारण मला गुजराती चांगलं यायचं. भाईंच्या बंगल्यापुढे मोठा मांडव, पांढऱ्या चादरी, म्हातारीच्या फोटोला हार, पंख्यांची घरघर. भाई समोर बसलेले. पांढरा झब्बा, डोळे कोरडे, केस तसेच काळेभोर आणि भांग पाडलेला. मुंडण त्यांनी केलं नव्हतं, त्यांच्या भावानंही केलं नव्हतं. त्या एवढ्या मांडवात चकोट केलेलं डोकं एकच होतं, आमच्या आबांचं. लोक वळून वळून बघत होते. कुणीतरी विचारलं, हे काका म्हातारीचे कोण? आबा रांगेतून पुढे सरकले, भाईंसमोर आले, हात जोडले. भाईंनी हात जोडले. त्यांची नजर आबांच्या डोक्यावरून माझ्यावर, माझ्यावरून मागच्या माणसावर गेली.

"कोण छो, भाई?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांचे रोट, इतकी खाल्लेली उष्टी ताटं, आणि एक मिशी काढली तर माणूस ओळखू येईना. मीच गुजरातीत सांगितलं की आम्ही अमुक गल्लीतले, कानबाईवाले, माझ्या बहिणीचं लग्न आहे. भाईंनी एवढंच ऐकलं, लग्न. चेहऱ्यावर लगेच ते पोस्टरवरचं हसू आलं. आईच्या फोटोसमोर! "लगनमां जरूर आवीश," ते म्हणाले, आणि बाजूच्या माणसाला तारीख लिहून घ्यायला सांगितलं. लग्नाला नक्की येईन. मग आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी तुमनाच शे." मागचा माणूस पुढे सरकला आणि आम्ही बाजूला झालो. बाहेर पडताना मला त्या अत्तराचा वास आला आणि मी पायऱ्यांवरच तोंड दाबून बसले.

आता तरी सरळ घरी येऊन हळद लावायची की नाही? मी घरी येताना रिक्षात आबांना तेच म्हटलं. त्यांना सुतक नाही, आबा, ते तर लग्नाला येणार आहेत. आबा म्हणाले, दुःखात माणसाला सुचत नाही. आणि मग म्हणाले, आता डोकं भादरून लेकीला हळद लावू? लोक तोंडात शेण घालतील. म्हणजे बघा, भाईंनी सोडलं होतं, डोक्यानं धरलं होतं. सगळ्या गल्लीनं ते डोकं बघितलेलं. सुतक नाही म्हणायचं तर ते डोकं कशासाठी, याचं उत्तर द्यावं लागणार. लेकीचं लग्न मोडणं त्यांना त्यापेक्षा सोपं वाटलं. माझ्या बापाबद्दल हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण खोटं लिहून काय करू? चांगला माणूस होता. चांगल्या माणसांच्या जिवावरच असले भाई निवडून येतात.

नंदुरबारला निरोप गेला, सुतक आलंय, लग्न पुढे ढकलू. दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील स्वतः आले. धोतर, टोपी, शांत माणूस. त्यांना वाटलं आमच्या घरातलं कुणी गेलं, म्हणून आल्या आल्या त्यांनी मायला धीर दिला. मग विचारलं, सुतक कुणाचं? जिभाऊंनी छाती काढून सांगितलं, आमदारसाहेबांच्या मातोश्रींचं. त्यांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी आबांच्या डोक्याकडे पाहिलं, आणि थट्टा नाही हे त्यांच्या लक्षात आलं. चहा अर्धाच पिऊन ते उठले.

"पाहुणे, राग मानू नका," ते आबांना म्हणाले. "ज्या घराला आपलं कोण आणि परकं कोण कळत नाही, त्या घरची सोयरीक मला झेपणार नाही."

त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आज तर मुळीच वाटत नाही. त्याच लगीनसराईत त्यांनी मुलाचं दुसरीकडे उरकलं. ताई रडली नाही. तिनं वाळवलेले पापड डब्यात भरले, शेवया भरल्या, आणि गुणगुणणं बंद केलं. पुढे दोन वर्षांनी साक्रीकडच्या एका बिजवराशी तिचं लग्न झालं, पदरात आयतं मूल. तिनं संसार नेटानं केला, आज नातवंडं आहेत, कुणी कीव केली तर ती फाडून खाईल. पण तिच्या नवऱ्याचा आवाज फार चढा आहे. ती एकदा मला म्हणाली होती, पोहे करते तेव्हा मी अजून मीठ दोनदा चाखते.

ज्या दिवशी ताईचं लग्न होणार होतं त्या दिवशी भाई पलसाण्याला एका नव्या रंग कारखान्याची फीत कापत होते. पेपरात फोटो आला. तोंडात पेढा. आईचा दहावाही व्हायचा होता. मायनं तो पेपर घडी करून पापडाच्या डब्यात तळाशी घातला. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, ओल धरू नये म्हणून.

मग श्रावण आला. नागपंचमी झाली. आबांच्या मिशा परत आल्या होत्या, पण आधीसारख्या नाहीत, पांढऱ्या आणि खाली वळलेल्या. मायनं गहू काढले नाहीत. आबांना वाटलं विसरली. शनिवारी त्यांनी आठवण केली तर ती म्हणाली, औंदा कानबाई नाही. घरात माणूस गेलं की वर्षभर सण धरत नाहीत, हे तुम्हीच शिकवलंत. वर्ष कुठे सरलंय? जिभाऊ आले, तणतणले. माय त्यांना म्हणाली, जिभाऊ, सुतक पाळायला तुम्हीच सांगितलंत, आता सण पाळायला पण सांगता का? बाईमाणसाला दोन्ही कसं कळायचं? त्या रविवारी आजूबाजूच्या घरांत गाणी चालली होती आणि आमचा चौरंग धुवून भिंतीला उभा करून ठेवला होता.

सोमवारी गाडी आलीच. आधी फोटोवाला उतरला, मग भाई, मागे दहावीस माणसं. गटरीवरची फळी ओलांडून ते दाराशी आले, हात जोडलेले, चेहऱ्यावर तेच हसू. 'मी तुमनाच शे' म्हणून झालं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पाट नाही, ताट नाही, पुरणाचा वास नाही. माय दारातच उभी होती, डोक्यावर पदर, दोन्ही हात चौकटीला. आबा ओट्यावर, मी तिच्या मागे, ताई आत.

"औंदा रोट नही, भाऊ," माय म्हणाली. "घरमा दुःख शे."

भाईंचं हसू तिथल्या तिथे उतरलं. त्यांना ते जमायचं, इतकी वर्षं तेच करत आले होते. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले, आवाज घोगरा. अरेरे, म्हणाले. फार वाईट झालं, आम्हाला कुणी कळवलंसुद्धा नाही. फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. भाईंनी मायच्या पायांकडे बघत विचारलं, "कोण गयुं?"

"तुमनी माय," माय म्हणाली.

भाईंनी मान वर केली. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. शेजारचे संचे चालूच होते, पण आमच्या घरातलं कुणी हळू बोलत नसे, त्यामुळे गल्लीत सगळ्यांना ऐकू गेलं होतं. ओट्यावर आबा उभे राहिले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना भाईंसमोर हात न जोडता उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते भाईंच्या तोंडाकडे बघत होते, आणि भाई काय म्हणतात याची वाट बघत होते.